टॉन्सिलमधून पडणारे पांढरे खडे आणि तोंडाचा वास : घरी काय करावे, काय करू नये

अंत्रुजवासी

हा विषय चारचौघांत काढायला लाज वाटते, आणि त्या लाजेपोटीच माणसे न्हाणीघराचे दार लावून, आरशासमोर उभी राहून घशात नको ते खुपसतात. म्हणून गोव्यातल्या फोंड्याहून हा धागा काढते आहे. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

त्रास असा. खोकताना, शिंकताना किंवा सकाळी चूळ भरताना घशातून पांढरट-पिवळट खडा बाहेर येतो. बहुतेक वेळा दोन-तीन मिलिमीटरचा, क्वचित मोठा. चिमटीत दाबला तर मोडतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. खडा पडलेला नसेल तेव्हा घशात एका बाजूला काहीतरी अडकल्यासारखे वाटते, कितीही गिळले तरी ते खाली जात नाही. तोंडाला कडवट चव राहते. कधी त्याच बाजूचा कान ठणकतो आणि आपण उगीच कानात थेंब घालत बसतो.

मी शाळेत शिकवते. मुलांच्या वहीवर वाकून, अगदी जवळून बोलावे लागते. दात घासून, जीभ घासून, लवंग चघळूनही वास जाईना तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी जिभेवर चपटी पट्टी दाबून बघितले आणि लगेच सांगितले, टॉन्सिलमध्ये खडे आहेत, रोग म्हणावा असे काही नाही. त्यांनी जे समजावले ते मला कळले तसे लिहिते.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी दिसतात त्या टॉन्सिल. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याला जशी भोके असतात तशा त्यात आत शिरणाऱ्या खाचा असतात, एकेका टॉन्सिलमध्ये साधारण 10 ते 20. तोंडातल्या मेलेल्या पेशी, शेंबूड, अन्नाचे बारीक कण आणि जंतू या खाचांत साठतात. एरवी गिळताना, बोलताना ते आपोआप धुऊन निघतात. खाच खोल असेल किंवा वारंवार घसा येऊन तिचे तोंड अरुंद झाले असेल तर आतला माल तिथेच राहतो, त्यावर लाळेतले कॅल्शियम बसत जाते आणि खडा तयार होतो. खोल खाचेत हवा पोचत नाही, त्यामुळे प्राणवायूशिवाय जगणारे जंतू तिथे वाढतात आणि गंधकाचे वायू सोडतात. वास त्यांचा.

हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने दुसऱ्याला होत नाही. घरात एखाद्याला वेगळे भांडे देणे वगैरे कृपा करून करू नका. हे मी एका घरात पाहिलेले आहे, म्हणून लिहिते.

सध्या माझा परिपाठ : प्रत्येक जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, रात्री दातांच्या फटींतून दोरा, जीभ मागपर्यंत हलक्या हाताने साफ, आणि दिवसभर थोडे थोडे पाणी. फरक आहे. खडे पूर्ण थांबलेले नाहीत, पण कमी होतात आणि लहान असतानाच पडतात.

विचारायचे आहे ते असे : पाण्याच्या फवाऱ्याचे जे यंत्र दातांसाठी मिळते ते कोणी यासाठी वापरले आहे का? आणि टॉन्सिल काढून टाकण्यापर्यंत कोणाची वेळ आली का?

सत्तरीकर

वाचून छातीवरचा भार उतरला. मला हे खडे कॉलेजपासून पडतात. आजवर घरी कोणाला सांगितले नव्हते. मनात सतत कर्करोगाची शंका होती. अंत्रुजवासी ताई, लिहिल्याबद्दल मनापासून देव बरें करूं.

एक प्रश्न. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या का? मागे घसा दुखला म्हणून मी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला तेव्हा काही दिवस वास गेला होता, पुन्हा आला.

अंत्रुजवासी

नाही, गोळ्या दिल्या नाहीत. त्यांचे म्हणणे, औषधाने जंतू काही काळ कमी होतात, पण खाच तिथेच राहते, म्हणून खडे परत होतात. ताप किंवा पू झाला असेल तर गोष्ट वेगळी.

दंतवैद्य_तिसवाडी

मी दातांचा डॉक्टर. घशाचे अंतिम मत कान-नाक-घसा तज्ज्ञाचेच, तरी हे खडे आमच्याकडेही फार वेळा सापडतात. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे अक्कलदाढेसाठी काढतो, आणि जबड्याच्या मागच्या भागावर पांढरे ठिपके दिसतात. त्या माणसाला खड्यांचा काहीच त्रास नसतो. त्रास नसेल तर त्यावर काही करायचेही नसते. फोटोत दिसले म्हणून घाबरून ऑपरेशन करून घ्यायला निघालेली माणसे मी परत पाठवली आहेत.

वासाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे गोंधळ होतो. तोंडाच्या वासाचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच असते, आणि त्यातही जिभेचा मागचा भाग आणि हिरड्या या दोन जागा आधी तपासायच्या. टॉन्सिलचा खडा हे त्यातले एक कारण. पुष्कळ जण पोटाला दोष देतात आणि महिनोन्महिने चूर्णे घेत राहतात. खडे दिसत असले तरी हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांवर किटण असेल तर ते आधी साफ करून घ्या. तोंडातला जंतूंचा एकूण साठा कमी झाला की टॉन्सिलच्या खाचांत जाणारा मालही कमी होतो.

मिठाच्या गुळण्या : एक पेला (सुमारे 250 मिली) कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ. यापेक्षा खारट करून जास्त फायदा नाही, घसा कोरडा पडतो. पाणी कढत नको, घशाचे आतले आवरण नाजूक असते. मान मागे टाकून, घशात पाणी खेळवून गुळणी करायची, नुसती गालात खळखळवून नाही. मग थुंकून द्यायची. रक्तदाब असलेल्यांनी गिळू नये. खड्याला मीठ विरघळवत नाही. गुळणीच्या हालचालीने सैल झालेला खडा सुटतो आणि सुजलेला घसा निवतो, एवढेच तिचे काम आणि ते पुरेसे आहे.

बाजारातले माउथवॉश : अल्कोहोल असलेले तोंड कोरडे करतात आणि कोरडे तोंड म्हणजे जास्त वास. बिनअल्कोहोलचे घ्या. क्लोरहेक्सिडिन नावाचे जे औषधी माउथवॉश असते ते जंतूंवर चांगले चालते, पण ते आपल्या मनाने महिनोन्महिने वापरायचे नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस.

पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र : हे दातांच्या फटींसाठी बनवलेले आहे. टॉन्सिल मऊ मांस आहे. वापरायचेच तर सगळ्यात कमी दाबावर, कोमट पाण्याने, बेसिनवर पुढे वाकून, आणि फवारा टॉन्सिलच्या बाजूने तिरका. जोराच्या दाबाने रक्त येते, कधी खडा आणखी आत बसतो. उमासा लगेच येत असेल तर हा नाद सोडा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

झुआरीकाठ

आमच्या घरी नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) जेवण नाही, त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळा. घशात एका बाजूला टोचते. जेवताना सुरू झाले की आधीपासून होते हे आता आठवत नाही. पेडवे माशांचे हुमण (कालवण) होते, बारीक काटे. आई म्हणते सुक्या भाताचा गोळा न चावता गिळ, काटा खाली जाईल. हा खडा असू शकेल का?

सिस्टर_बार्देस

झुआरीकाठ बाब, भाताचा गोळा गिळू नका. केळे नको, भाकरीचा तुकडाही नको. मी सरकारी इस्पितळात कान-नाक-घसा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे हे अगदी कळकळीने सांगते.

माशाचा बारीक काटा घशात अडकतो तेव्हा फार वेळा टॉन्सिलमध्येच रुततो, किंवा जिभेच्या मुळाशी. टॉन्सिलमधला काटा डॉक्टर प्रकाश टाकून चिमट्याने काही क्षणांत काढतात. त्यावर भाताचा गोळा गेला तर तो आणखी खोल रुततो, किंवा निसटून अन्ननलिकेत जाऊन बसतो. मग दुर्बिणीने काढण्याशिवाय मार्ग राहत नाही.

ओळखायचे कसे? काट्याचे टोचणे बहुधा जेवताना एकदम सुरू होते, प्रत्येक घोटाला त्याच एका बिंदूवर टोचते, साधी लाळ गिळतानासुद्धा. खड्याचे तसे नसते. तो हळूहळू जाणवतो, टोचण्यापेक्षा अडकल्याची भावना जास्त, कमी-जास्त होत राहते आणि वास सोबत असतो. तरी तुम्हाला आठवत नाही म्हणता तेव्हा अंदाज बांधत बसू नका, आजच दाखवा. छातीत दुखले, लाळही गिळता येईना, ताप आला, मान सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर ओपीडीची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा.

आता या धाग्याच्या मुख्य विषयावर. घशात नको ते खुपसणे याचा उल्लेख वर आला आहे. केसांची पिन, सुई, दातकोरणी, भुवयांचा चिमटा, गोधडी शिवायचा दाभण, हे सगळे वापरून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथे टोचले की रक्त चटकन थांबत नाही, आणि आपण बोट लावून दाबू शकू अशी ती जागा नाही. टॉन्सिलच्या मागे-बाहेरच्या बाजूने मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी जाते. त्यात उमाशाचा झटका आला की हात हलतो. अणकुचीदार वस्तू कुठे जाईल याचा नेम नाही.

मग खडा समोर दिसतो आहे आणि चैन पडत नाही तर काय करावे? आधी गुळण्या आणि जोराचा खोकला, यानेच बरेचसे खडे सुटतात. तरी नाही निघाला तर कानाची कापसाची काडी पाण्यात भिजवून, चांगल्या उजेडात, खड्याच्या शेजारची जागा हलकेच दाबायची, म्हणजे तो वर सरकतो. खड्याच्या आत काडी घुसवायची नाही. कोरडी काडी नको, कापूस सुटून घशात राहतो. एक-दोनदा प्रयत्न करून सोडून द्यायचे. रक्ताचा ठिपका दिसला की थांबायचे. आणि ज्यांना उमासा फार येतो त्यांनी हे करूच नये, डॉक्टर ओपीडीत काढून देतात.

खाच रिकामी झाल्यावर तिथे खड्डा दिसतो, थोडे लाल दिसते. त्याने घाबरू नका.

झुआरीकाठ

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन आलो. काटाच होता. चिमट्याने काढला. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आहे. सिस्टर, तुमचे उपकार.

आजीचा_बटवा

आमच्याकडे सफरचंदाचा व्हिनेगर पाण्यात घालून गुळण्या करतात, खडा विरघळतो असे सगळीकडे लिहिलेले दिसते. तुरटीच्या गुळण्या, ज्येष्ठमध चघळणे, हळद-दूध हे तर पूर्वापार आहेच. सोलांची कढी रोज घ्यावी असेही ऐकले. यातले काय योग्य?

दंतवैद्य_तिसवाडी

व्हिनेगर नको. त्याने तोंडातला खडा विरघळेल एवढे आम्ल घशात ठेवायचे म्हटले तर आधी दातांचा एनॅमल झिजेल. एनॅमल पुन्हा येत नाही. लिंबाच्या रसाच्या गुळण्यांचेही तेच.

तुरटीने तोंड आकसल्यासारखे वाटते, त्यामुळे स्वच्छ झाल्याचा भास होतो. खड्यावर तिचा उपयोग नाही, आणि लहान मुलांनी ती गिळणे बरे नाही. ज्येष्ठमध घशाला आराम देतो हे खरे. पण रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी जपून. हळद-दूध प्यायला हरकत नाही, फक्त रात्री दूध पिऊन तसेच झोपू नये, त्यानंतर चूळ भरून दात घासावेत. सोलकढी आवडीने प्या. औषध म्हणून नको.

आपल्या आजीने सांगितलेल्यातली मिठाच्या गुळण्यांची सवय मात्र सोडू नका. त्याहून स्वस्त आणि निर्धोक काही मला ठाऊक नाही.

मुरगावची_माई

माझ्या बाबतीत मूळ नाकात निघाले, म्हणून लिहिते. पावसाळा लागला की घराच्या भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या कपड्यांना ओलसर वास येतो, आणि माझे नाक चोंदते ते चवथ होऊन जाईपर्यंत. नाक बंद म्हणून रात्रभर तोंडाने श्वास. सकाळी तोंड कोरडे ठणठणीत. नाकातला शेंबूड मागून घशात उतरत राहतो. खडे नेमके याच महिन्यांत वाढतात.

डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी नाकाचा स्प्रे दिला आणि नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितले. त्यात एक गोष्ट फार बजावून सांगितली. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घालायचे नाही. पाणी खळखळ उकळून, निवल्यावरच वापरायचे. न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा क्वचित आढळतो, पण झाला तर प्राणावर बेततो. आमच्याकडे घरोघरी विहीर आहे आणि विहिरीचे पाणी चांगले असाच सर्वांचा विश्वास, म्हणून हे मुद्दाम.

आणखी एक. सर्दीच्या काही गोळ्यांनी तोंड जास्त कोरडे पडते. रोज एखादी गोळी चालू असेल आणि त्यानंतर वास वाढला असेल तर डॉक्टरांना हे सांगा. आपण होऊन बंद करू नका.

भजनी_पेडणे

मी भजन गातो, जत्रेतल्या नाटकातून पदे म्हणतो. खड्यांचा त्रास जुना आहे आणि आता गाताना वरच्या सुरात मध्येच खोकला येतो. एका डॉक्टरांनी टॉन्सिल काढून टाका असे सुचवले. भीती आवाजाची आहे. आमच्यातले जुने गवई सांगतात, टॉन्सिल काढले की गळा गेला. कोणाला अनुभव?

कुळागर

भजनीबुवा, मी गायक नाही, पण टॉन्सिल काढून घेतले आहेत, म्हणून जे झाले ते जसेच्या तसे सांगतो.

माझ्या बाबतीत खड्यांच्या जोडीला वर्षभर सारखा घसा यायचा, तापाने आडवा व्हायचो. नुसत्या खड्यांसाठी माझ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केले नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. पूर्ण भूल देऊन करतात. मोठ्या वयात ते लहान मुलांच्या मानाने जास्त दुखते. साधारण दोन आठवडे तरी गिळताना त्रास राहतो. पहिल्या दोन दिवसांपेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त दुखते, त्यामुळे माणूस घाबरतो की काही बिघडले की काय. कानातही कळ जाते. पेजेवर राहिलो, थंड दूध, मऊ भात. दुखते म्हणून पाणी टाळले तर घसा कोरडा पडून आणखी दुखते, हे बायकोने ताब्यात घेतले होते. दर थोड्या वेळाने पेला पुढे.

जखमेवर पांढरा थर येतो. तो पू नव्हे. तो खरवडायचा नाही. हा थर सुटायच्या वेळी, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, रक्त येण्याचा धोका असतो. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले तर रात्र असो की पहाट, थेट इस्पितळ. आमचे घर डोंगरात, रस्ता वाईट, म्हणून त्या काळात मी फोंड्याला बहिणीकडे राहिलो. लांब राहणाऱ्यांनी ही सोय आधीच बघावी.

खडे आता नाहीत. टॉन्सिल पूर्ण निघाले की त्याच्या खाचाही गेल्या. पण वास पूर्ण गेला का? बराच गेला. उरलेला हिरड्यांचा होता, तो दातांच्या डॉक्टरांनी घालवला. तेव्हा दंतवैद्यांनी वर लिहिले आहे त्या क्रमाने जा, आधी दात आणि हिरड्या.

सिस्टर_बार्देस

भजनीबुवा, आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या तारांतून, आणि ते टॉन्सिलच्या बरेच खाली असते. टॉन्सिल काढताना त्या तारा कापल्या जात नाहीत. पण घशाच्या पोकळीत आवाज घुमतो, आणि तिचा आकार थोडा बदलतो. कोणाकोणाला सुरुवातीला आपलाच आवाज वेगळा वाटतो. जखम भरल्यावर काही काळ गळा जड राहतो. म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा की मी गातो. कार्यक्रमांचा हंगाम संपल्यावरची तारीख घ्या, आणि पुन्हा गायला कधी बसायचे ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

ऑपरेशनच्या अलीकडचाही एक उपाय आहे. लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उपकरणाने टॉन्सिलच्या खाचांची तोंडे सपाट करतात, टॉन्सिल जागेवरच राहतो. काही जणांना घसा बधिर करून, पूर्ण भूल न देताही ते करता येते. त्रास कमी, दुखणे कमी. मात्र कधी पुन्हा करावे लागते, आणि सर्व ठिकाणी सोय नसते. विचारून बघा.

वरच्या सुरातला खोकला खड्याचाच आहे का, हेही आधी ठरू द्या. पोटातले आम्ल वर येत असेल तरी गाताना असा खोकला येतो. स्वरयंत्राची तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

साखळीची_आई

माझा मुलगा सात वर्षांचा. टॉन्सिल खूप मोठे दिसतात आणि आज त्यावर पांढरे ठिपके आहेत. खडेच ना? गुळण्या द्यायला सुरुवात करू का? अंगात थोडी कणकण आहे.

सिस्टर_बार्देस

बाय, ताप आहे तर खडे समजू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांत खडे कमी आढळतात. या वयात टॉन्सिल तसेही मोठे असतात, वय वाढेल तसे आकसतात. पांढरे ठिपके, ताप, गिळताना दुखणे, गळ्याला गाठी म्हणजे टॉन्सिलचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. राखाडी, चिकट पापुद्रा दिसला, आवाज घोगरा झाला किंवा मान सुजलेली दिसली तर एक मिनिट घालवू नका, घटसर्प नाही ना हे बघावे लागते. लसी पूर्ण झाल्या आहेत का, त्याचे कार्ड सोबत न्या. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा.

मुलाच्या घशात काडी अजिबात घालू नका.

साखळीची_आई

नेऊन आणले. संसर्गच आहे, औषध सुरू झाले. कोर्स पूर्ण करायला सांगितला आहे. लसी सगळ्या झालेल्या आहेत. सर्वांची आभारी आहे.

काणकोणकर

सगळा धागा वाचला. वडिलांसाठी विचारतो. वय साठीच्या घरात, पंचवीस-तीस वर्षे तंबाखू. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून उजव्या बाजूला घशात अडकल्यासारखे वाटते म्हणतात, उजवा कान दुखतो. मोबाईलच्या उजेडात बघितले तर उजवा टॉन्सिल डाव्यापेक्षा मोठा आहे आणि त्यावर पांढरे काहीतरी आहे. ते म्हणतात खडा असेल, मिठाच्या गुळण्या चालू आहेत. ताप नाही, दुखणे विशेष नाही. गुळण्या किती दिवस करून बघाव्यात?

दंतवैद्य_तिसवाडी

गुळण्या करून वाट बघू नका. उद्याच दाखवा.

एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, त्याच बाजूचा कान दुखतो, तीन आठवड्यांहून जास्त काळ झाला, आणि तंबाखूची सवय. यातली एकेक गोष्टसुद्धा तपासणीला पुरेशी आहे, तुमच्याकडे सगळ्या एकत्र आहेत. तो साधा खडा असू शकतो, एका बाजूची जुनी सूज असू शकते. पण टॉन्सिलच्या कर्करोगाची सुरुवातही नेमकी अशीच, फारसे न दुखता होते, आणि हे घरी बसून ओळखता येत नाही. तंबाखू न खाणाऱ्यांनाही तो होतो, तेव्हा इतरांनीही हे लक्षात ठेवावे.

मानेवर गाठ लागते का ते बघा. वजन घटले आहे का, थुंकीत रक्त दिसते का, तोंड पूर्वीइतके उघडते का, जिभेवर किंवा गालाच्या आत न भरणारी जखम आहे का, हे विचारून लिहून ठेवा.

काणकोणकर

मानेवर उजव्या बाजूला, जबड्याखाली लहानशी गाठ हाताला लागते आहे. दुखत नाही. वजनाचे सांगता येत नाही, पण पँट सैल झाली आहे असे आई म्हणते. वडील यायला तयार नाहीत. म्हणतात, घशात हत्यार घालतील.

कुळागर

बाब, त्यांना माझा हवाला द्या. पहिल्या दिवशी कोणी हत्यार घालत नाही. जिभेवर पट्टी ठेवून बघतात, मान चाचपतात. माझ्या वेळी नाकातून बारीक दुर्बीण घातली होती, आधी औषध मारून नाक बधिर केले, थोडे गुदगुल्या झाल्यासारखे वाटले, बस्स. आणि आई सोबत असू द्या. आमच्या पिढीचे पुरुष मुलाला नाही म्हणतात, घरधनिणीला सहसा नाही म्हणत नाहीत.

अंत्रुजवासी

काणकोणकर, कृपया उद्याचा दिवस टाळू नका. काणकोणहून बांबोळी लांब आहे हे कळते. मडगावच्या जिल्हा इस्पितळात आधी दाखवता आले तर तसे करा, पण दाखवा. कोणाची गाडी हवी असेल, बांबोळीत सोबत हवी असेल तर मला निरोप पाठवा, सुट्टी टाकून येईन.

काणकोणकर

आईने मन वळवले. सकाळी निघतो. सोबत काय न्यावे? त्यांना रक्तदाबाची गोळी आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

सिस्टर_बार्देस

आधारकार्ड, दीनदयाळ आरोग्यविमा योजनेचे कार्ड असेल तर ते, जुने सर्व कागद, आधी काढलेले एक्स-रे. चालू गोळ्यांची पाकिटे तशीच उचलून न्या, नुसती नावे पाठ करून नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टर विचारण्याआधी तुम्हीच सांगा, कारण तुकडा काढून तपासायचा ठरला तर त्यांना ते आधी माहीत असावे लागते. पण ती गोळी आपल्या मनाने आज किंवा उद्या बंद करू नका. त्याने हृदयाला धोका होतो. कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे कान-नाक-घशाचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी रोजच्याप्रमाणे घेऊन निघा, ओपीडीत वेळ लागतो.

केसपेपर काढताना "घसा दुखतो" एवढेच सांगू नका. असे सांगा : दोन महिने झाले, एकाच बाजूला आहे, कान दुखतो, मानेवर गाठ लागते, तंबाखूची सवय. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही हेच पहिल्या वाक्यात. तुकडा तपासायला घेऊ म्हणाले तर नाही म्हणू नका. तुकडा घेतल्याने रोग पसरतो हा समज खरा नाही, आणि तो अहवाल आल्याशिवाय पुढचे कोणतेही औषध नेमके ठरत नाही. अहवाल कधी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल, ते निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या.